लाहीसारखी माशी

आधीच माफी मागतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेला मी पहिला. अर्ज आणि परीक्षेचे पेपर सोडले तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. कॉलेजच्या अंकासाठी एखाद्या ऋतूवर लिहा असं वर्गात सांगितलं, तेव्हा मी वही उघडून नुसता बसलो होतो. त्यातून मला सुचलं ते मासे धरायच्या काठीबद्दल. मासे आमच्या घरात कोणी खात नाही, म्हणजे तोही अधिकार नाही. तरी लिहितो आहे, कारण एका माणसाजवळ मला काही बोलायचं आहे आणि वर्षभर ते तोंडातून निघत नाही. कागदावर निघेल असं वाटलं.

श्रावण लागला. पंचमी परवावर आली. नवीन जालन्यात स्टेशनकडून माझ्या खोलीकडे येताना एका भडभुंज्याची भट्टी लागते. एरवी तिथे फुटाणे असतात, या दिवसांत लाह्या. कढईतली वाळू तापलेली असते, तो मूठभर ज्वारी टाकतो, झारा फिरवतो, आणि क्षणभर काहीच होत नाही. मग एक दाणा उडतो, आणि त्याच्यामागे सगळे. तो वास आला की पूर्वी मला घर आठवायचं. आता मी रस्त्याच्या पलीकडून जातो.

लाही कधी नीट बघितली आहे का? वरून पांढरीशुभ्र फुललेली, आणि खाली एका कडेला दाण्याच्या सालीचा तांबूस ठिपका. तो ठिपका नसेल तर ती लाही वाटत नाही. हे मला मागच्या श्रावणात कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

धावड्याला, म्हणजे माझ्या गावी, आमच्या शेताच्या बांधाला लागून नाला वळतो. वळणावर एक डोह आहे. मोठा नाही; या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं. त्यात पिवळे मासे आहेत, हाताएवढे लांब, जाड ओठांचे. शहरात त्यांना सायप्रिनस म्हणतात. कुणाच्या तरी शेततळ्यातून पुरात वाहून आलेले असावेत. मी चौथीत होतो तेव्हा दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही आणि डोहात चिखल उरला. माझे मोठे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्यांनी ते मासे घागरींतून आणि बादल्यांतून आमच्या विहिरीत नेऊन सोडले. मीही माझ्या जेवणाच्या डब्यात दोन नेले होते. सांडू नये म्हणून मी झाकण लावलं, आणि तात्या माझ्यावर रागावले. विहिरीला कमरेएवढं पाणी होतं. तेच आम्ही प्यायचो आणि तेच मासे प्यायचे. तात्या रोज तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर खड्याने तीनदा वाजवायचे, थोडं थांबायचे आणि लाह्या नाहीतर भाकरीचा चुरा टाकायचे. पाऊस झाल्यावर तात्यांनी मासे पुन्हा डोहात नेऊन सोडले. डब्याच्या आवाजाला येण्याची त्यांची सवय मात्र तशीच राहिली.

तेव्हापासून गावात कोणी त्या डोहात गळ टाकत नाही. त्याचा ठराव झालेला नाही आणि देवाचं नावही दिलेलं नाही. तात्या एकदाच म्हणाले होते, "ह्यायनं आपल्या हिरीचं पाणी पेलंय." तेवढं पुरलं.

हे सगळं मी ज्याला सांगितलं तो प्रमोददादा, माझ्या खोलीतला जोडीदार. टेंभुर्णीचा. मधे शिक्षण सोडून तो एक वर्ष हिमाचलात एका कॅम्पवर कामाला होता आणि परत येऊन माझ्या वर्गात बसला. पहिल्या सेमिस्टरला मला ताप आला तेव्हा घरून आलेला डबा त्याने मला दिला आणि स्वतः मेसचं खाल्लं. स्कॉलरशिपचा फॉर्म कसा भरायचा, साहेबांच्या केबिनचं दार वाजवून आत जायचं की नुसतं उभं राहायचं, हे मला त्याने शिकवलं. मी त्याला दादा म्हणायचो आणि तो मला दादाच वाटायचा.

हिमाचलातून तो एक काठी घेऊन आला होता. फ्लाय फिशिंगची. नेहमीच्या गळाला वजन असतं, ते लांब फेकायचं असतं. इथे गळाला वजनच नसतं. पिसांची, धाग्यांची एक खोटी माशी असते, फुंकर मारली तर उडेल अशी. मग ती लांब जाते कशी? तर वजन दोरीत असतं. दोरी जाते आणि माशीला घेऊन जाते. मला हे इतकं आवडलं की मी त्याला दोन-तीनदा विचारून खात्री केली.

या काठ्यांना नंबर असतात, नंबर मोठा तशी काठी दणकट; त्याची चार नंबरची होती, साडेसात फुटी. डोंगरातल्या ओढ्यांसाठी. बोटभर चंदेरी माशांना ती चालते, पण आमच्या पिवळ्या माशांनी ती मोडली असती. मग आषाढभर आम्ही नवीन काठी निवडली. खरेदी म्हणून बघितलं तर ते एका दुपारचं काम होतं, पण आम्ही ते महिनाभर पुरवलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसायचं आणि मोबाइलवर बघत वाद घालायचे. आठ नंबर मोठ्या माशाला चांगला, पण आमच्या नाल्यातल्या छोट्या पाण्यावर त्याची दोरी आपटते आणि सगळे पळतात. पाच नंबर हळुवार पडतो, पण मोठा मासा झाडाच्या मुळांत शिरला तर त्याला परत आणता येत नाही. शेवटी सहा नंबर, नऊ फुटी. तलावालाही चालेल, ओढ्यालाही चालेल, आणि दोन्हीकडे थोडी कमी पडेल. दादा म्हणाला, "तुझ्यासारखीच हाय रे." आम्ही दोघं हसलो. धावड्यात मला कॉलेजवाला म्हणतात आणि कॉलेजात धावड्याचा, म्हणून.

दोरीचा नंबर काठीचाच लागतो. दोरी जड झाली तर काठी थकते. हलकी झाली तर आपल्या टोकाला काही आहे हे काठीला कळतच नाही. पाण्यावर तरंगणारी घ्यायची, हे ठरलेलं होतं. पुढच्या टोकाकडे जाड असलेली घ्यावी, म्हणजे शिकाऊ माणसाचीही जराशी लांब जाते, हे पण ठरलं. अडलं ते रंगावर. दादाला नारिंगी हवी होती, कारण ती फेकणाऱ्याला दिसते. मी म्हणत होतो, मासळीलाही दिसेल. तेव्हा त्याने मला समजावलं. रंगीत दोरी माशीला थेट बांधतच नाहीत. मधे नऊ फूट पारदर्शक धागा असतो. मासा वर बघतो तेव्हा त्याला नुसती माशी दिसते. ती कुणाच्या हाताला बांधलेली आहे हे कळू नये, एवढंच त्या धाग्याचं काम. मी म्हटलं, मग नारिंगी चालेल.

रिळावर मूळ दोरीच्या खाली भरायला साधा धागा लागतो. तो आणायला आम्ही नवीन जालन्यातल्या दोरी-सुतळीच्या दुकानात गेलो. शेठजी राजस्थानातून आलेल्या घरातले, तिसरी की चौथी पिढी, मराठी आमच्याइतकीच. नायलॉनची रिळं त्यांनी काउंटरवर ओतली. दादाने सहज विचारलं, छोटे गळ आहेत का. शेठजींनी चष्मा वर केला. म्हणाले, "दोरी पाहिजे तेवढी घेऊन जा बेटा. दोरीनं झोका बांधतात, बकरी बांधतात. गळ मी न्हाई ठेवत. त्याचं एकच काम असतं." बाहेर आल्यावर दादाने त्यांची नक्कल केली आणि मी खूप हसलो. आता ते हसू आठवलं की अवघडल्यासारखं होतं.

काठी कुरिअरने लांब नळीत आली. रिक्षावाल्याने विचारलं, बंदूक है का भाऊ. दादा म्हणाला, पडद्याचा पाइप. इतक्या सहज म्हणाला की मीसुद्धा क्षणभर नळीकडे पडद्याचा पाइप म्हणून बघितलं. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

मालधक्क्याच्या मागे मोकळं मैदान आहे. तिथे सकाळी आम्ही दोरी फेकायला शिकलो, म्हणजे मी शिकलो. टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा. काठी मागे नेली की थांबायचं. मागे गेलेली दोरी हवेत पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे आणायची. माझं नेहमी तेच चुकायचं. मी घाई करायचो आणि दोरी चाबकासारखी वाजून माझ्याच पायाशी पडायची. चरणाऱ्या शेळ्या मान वर करून बघायच्या. दादा म्हणायचा, "मागचं उलगडू दे, मंग पुढं जा." मी अजूनही लिहिताना तसंच करतो आहे बहुतेक. घाई करतो आहे. मागचं अजून उलगडलेलं नाही.

डोह दाखवायचा ठरलं तेव्हा मी बसमध्ये त्याच्याकडून एकच वचन घेतलं. मासा मारायचा नाही हे तर त्याच्या खेळातच होतं. धरायचा आणि सोडायचा. मी म्हटलं, दादा, तिसऱ्या माणसाला ही जागा दाखवायची न्हाई. तो खिडकीतून बाहेर बघत होता. वळून म्हणाला, "मला काय येड लागलं का?" हे वचन झालं का? मला झालं असं वाटलं.

पंचमी नुकतीच होऊन गेली होती. मका कमरेच्या वर गेला होता, बांधावर चिखल होता, आणि डोहाचं पाणी चहासारखं होतं. दादाने डब्यातल्या सगळ्या माशा वापरून पाहिल्या. पिसांच्या, तपकिरी, काळ्या, मोराच्या रंगाच्या. मासे वर यायचे, बघायचे आणि खाली जायचे. दुपारपर्यंत एकाने तोंड लावलं नाही. दादाचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं. ज्याने मला ताप असताना डबा दिला त्याला मी माझ्या गावात आणलं होतं आणि माझे मासे त्याला मान देत नव्हते.

मग मला सुचलं. मला, त्याला नाही. घरी एक जुनी चप्पल होती, पांढऱ्या हलक्या तळव्याची. मी त्यातला ज्वारीच्या लाहीएवढा तुकडा ब्लेडने कापला, कडा फुललेल्यासारख्या केल्या आणि गळाच्या दांडीला बांधला. तरी काहीतरी चुकत होतं. देवापुढची उदबत्ती जळत होती. तिचं टोक मी त्या तुकड्याच्या एका कडेला लावलं. तांबूस ठिपका उमटला. दादाने ती माशी तळहातावर घेतली आणि उलटसुलट करून बघितली. मग म्हणाला, "गजू, तू कलाकार हायेस."

मला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

आम्ही परत डोहावर गेलो तेव्हा तात्या मक्याकडून आले. मी गळ टाकून उभा आहे हे त्यांनी पाहिलं. ओरडले नाहीत. जवळ येऊन म्हणाले, "काय करून राह्यले रे गजू?" खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. तात्या, हा खेळ आहे, आम्ही धरून सोडून देतो. पण गंमत म्हणून तुमचे मासे धरतो आहे, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगणार? मी म्हणालो, "कॉलेजचं प्रॅक्टिकल हाय तात्या. मासे बघून सोडून देतो."

तात्यांचा चेहरा इतका उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "म्हंजे तपासणी," ते म्हणाले. "जनावराला डाक्टर येतो तसं. मंग असं उभं राहून कसे येतील ते? थांब." आणि ते गोठ्यातून पत्र्याचा डबा घेऊन आले. खड्याने तीनदा वाजवलं. थांबले.

मासे आले. पाण्याखाली आधी सावल्या, मग पाठी, मग ते जाड ओठ. माझी लाही पाण्यावर पडली आणि पहिल्याच माशाने ती अशी घेतली, जशी तो कित्येक वर्षं घेत आला होता. काठी वाकली. दादा माझ्या पाठीवर थापा मारत होता. मासा हातात घेतला तेव्हा तो जड आणि थंड होता, आणि त्याचे कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते. माझ्या डब्यातल्या दोनांपैकी तो असेल का, असं उगाच मनात आलं. गळ काढला. मोबाइलवर फोटो काढला. सोडून दिला. तात्यांनी विचारलं, "बरा हाय ना?" मी म्हटलं, बरा आहे.

तो मागचा श्रावण. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता, हेही खरं आहे. ते लपवलं तर लिहिण्यात काय अर्थ?

मग सेमिस्टर, सबमिशन, दिवाळी. दादा शनिवार-रविवार खोलीवर नसायचा. टेंभुर्णीला जातो म्हणायचा. थंडीत परीक्षा संपली आणि मी न कळवता घरी गेलो. बसमधून उतरून बांधाने चालत होतो तेव्हा डब्याचा आवाज आला. तात्यांचा नव्हता. तात्या तीनदा वाजवून थांबतात. हा थांबत नव्हता, शाळेची घंटा वाजवावी तसा वाजत होता.

डोहाच्या काठावर टोप्या घातलेले तीन अनोळखी पुरुष होते, हातात काठ्या. डबा प्रमोददादा वाजवत होता. आणि तात्या करंजाच्या झाडाखाली चुलीवर त्यांच्यासाठी चहा करत होते. त्यांच्या खांद्यावर पाहुण्यांचे टॉवेल होते. मला बघून ते म्हणाले, "ये ये. तुझे सर लोक आलेत. पाचव्यांदा आले आता. तुझं नाव सांगितलं, मंग मी काय न्हाई म्हणतो का? लई बारकाईनं तपासतात रे. फोटो काढतात, पट्टीनं मोजतात. आपल्या माशांची कॉलेजात नोंद झाली म्हने."

मी दादाला मक्याच्या कडब्याच्या गंजीमागे नेलं. मी विचारलं, हे कोण लोक? तो म्हणाला, "एक तरी मासा मेला का? दाखव." मी म्हटलं, तू वचन दिलं होतं. "शहरातले लोक हायेत, चांगले लोक हायेत. शिकवायचे पैसे देतात मला. जाळं घेऊन तर न्हाई आले ना?" मग त्याने माझ्याकडे बघितलं, थोडं कीव केल्यासारखं. "आणि तात्यांना प्रॅक्टिकल हाय म्हणून मी सांगितलं का? तू सांगितलं. मी फक्त तेच पुढं चालवलं."

मी काठावर परत आलो. त्या पाहुण्यांतल्या एकाच्या टोपीला, ओळीने लावलेल्या चार-पाच पांढऱ्या माशा होत्या. प्रत्येकीला एका कडेला तांबूस ठिपका. मी त्यांना चहा नेऊन दिला. माझ्या हाताने.

दादाने माझा विश्वास मोडला. हे वाक्य मी वर्षभर मनात घोळवलं आहे. ते खरं आहे. तो पुण्याला निघून गेला, आता त्याचे व्हिडिओ दिसतात, त्यात तो मला आवडायचा तसाच हसतो. तो नुसताच वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं. पण मी अजून फॉर्म भरतो तेव्हा त्याने शिकवलेल्या क्रमाने भरतो. तो राग मी कुठे ठेवू? आणि तो राग वर काढायला गेलो की त्याच्या खाली ते दुसरं वाक्य येतं, माझं, सात-आठ शब्दांचं, डोहाच्या काठावरचं. त्या नऊ फूट पारदर्शक धाग्याचं काम मीच केलं होतं. तात्यांना एका टोकाला नुसता मी दिसत होतो.

दादा गेल्यावरही ते लोक उन्हाळ्यात पाणी उतरेपर्यंत येत राहिले. तात्या चहा करत राहिले. दर सुट्टीत सांगायचं ठरवून मी गेलो आणि दर वेळी मक्याबद्दल, पाण्याबद्दल, बहिणीच्या दहावीबद्दल बोलून परत आलो. एकदा तर तात्याच म्हणाले, काही बोलायचं हाय का रे? मी न्हाई म्हटलं. काठी नळीत घालून कपाटावर ठेवली आहे. तिच्यावर धूळ बसली आहे.

इथवर लिहून मी हा लेख तीन दिवस बाजूला ठेवला होता. शेवट कसा करावा ते कळत नव्हतं. पंचमीला घरी जाऊन आधी सांगावं आणि मग शेवट लिहावा असं ठरवलं होतं. इंटर्नलची परीक्षा लागली आणि जाणं झालं नाही. खरं म्हणजे परीक्षा दुपारी होती. संध्याकाळची बस मिळाली असती.

काल पंचमी झाली. रात्री जेवायच्या वेळेला तात्यांचा फोन आला. आधी त्यांनी पेपर कसा गेला ते विचारलं. जेवलास का विचारलं.

"सकाळी डोहावर गेल्तो," ते म्हणाले. "डबा वाजवला. सगळे आले, बराबर आले. लाह्या टाकल्या. गजू, एकानंबी तोंड लावलं न्हाई. खालून बघायचे आन् मागं फिरायचे. दुपारी पुन्हा गेलो. भाकरीचा चुरा टाकला तर खाल्ला. लाह्या तशाच वाहून गेल्या."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"त्यायला काही रोग तर न्हाई ना झाला?" तात्यांनी विचारलं. "तुमच्या त्या तपासणीवाल्या सरांना इचार. त्यायला माहीत असंल."